यंत्रे बदलण्यासाठी गेलेली आगबोट

यमुनेच्या पूर्व तीरापलीकडे, आज जेथे नोएडाचे गोल्फचे मैदान आहे, तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेक याने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला, त्याची ती खूण होय. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावी, आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर जय मिळविला. दिल्लीच्या विजयाला पुढे दगडी स्तंभ लाभला. असईच्या विजयाचे नाव मात्र एका आगबोटीला देण्यात आले, आणि ती आगबोट मुंबईच्या गोदीत, मुंबईच्याच कारागिरांनी बांधली होती.

'असई' आणि तिची जोडीदारीण 'पंजाब' या दोन्ही आगबोटी १८५४ साली पाण्यात उतरल्या. पंजाब प्रांत इंग्रजांनी खालसा केल्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती. जित प्रदेशांची नावे जित प्रदेशातील कारागिरांनी बांधलेल्या जहाजांवर कोरावीत, ही त्या काळची रीतच होती. बांधणारे होते करसेटजी रुस्तमजी वाडिया. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी यांच्या वंशातील हे मुख्य कारागीर. 'पंजाब' सुमारे १,७५० टनांची होती. तिचा सांगाडा सागवानी होता, दोन्ही कुशींना प्रचंड चाके होती आणि यंत्रांची शक्ती ७०० अश्वशक्ती सांगितली जात असे. इराणशी झालेल्या १८५६-५७ च्या युद्धात बुशहरवर तोफा डागणाऱ्या आरमारात 'असई' होती. १८५७ च्या उठावात 'पंजाब'वरील खलाशी बंगालमध्ये जमिनीवर उतरवून लढविण्यात आले.

परंतु ज्या वर्षी या आगबोटी तरंगू लागल्या, त्याच सुमारास त्यांची रचना जुनी होत चालली होती. चाकांच्या आगबोटीचे दोष नाविकांना पुरते कळून चुकले होते. चाके व त्यांचे कोठे कुशीची मोठी जागा अडवीत, त्यामुळे तोफा मांडण्यास जागा उरत नसे. शत्रूचा एखादा गोळा चाकावर बसला की आगबोट पंगू होई. शिडांच्या जोरावर जहाज एका अंगाला कलले की एक चाक पाण्यात खोल बुडे आणि दुसरे हवेत फिरू लागे. याउलट पिछाडीला पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा गोळ्यांपासून सुरक्षित राही आणि शिडांच्याही आड येत नसे. १८४५ साली इंग्रजी आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या दोन बोटी पाठीला पाठ लावून एकमेकींस बांधल्या आणि दोघींनाही पूर्ण जोराने ओढावयास लावले. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलट दिशेने फरफटत नेले.

दुसरी अडचण बॉयलरची होती. त्या काळी बॉयलरमध्ये बहुधा समुद्राचेच पाणी तापवीत. त्यातील क्षार पत्र्यावर साचून कठीण थर बसे. मग कोळसा अधिक जळे, वाफ कमी मिळे आणि काही वर्षांतच पत्रा निकामी होई. सागवानी सांगाडा मात्र तसाच राही. सागातील तेलामुळे त्याला सहसा कीड लागत नाही व त्यात ठोकलेले लोखंडही लवकर गंजत नाही. मुंबईस १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही तरंगत आहे. सारांश, एकाच जहाजात दोन आयुष्ये नांदत होती. यंत्राचे आयुष्य थोडे होते आणि लाकडाचे दीर्घ. म्हणूनच जुन्या सांगाड्यात नवी यंत्रे बसविणे हा त्या युगाचा शहाणपणाचा व्यवहार ठरला. १८४८ साली मुंबईस केवळ शिडांची युद्धनौका म्हणून बांधलेल्या 'मियानी'ला १८५७ साली यंत्र व पंखा बसविण्यात आला होता.

'पंजाब' व 'असई' यांनाही हाच न्याय लागू व्हावयाचा होता. चाके उतरवून पंखा बसविण्यासाठी दोघींना इंग्लंडला धाडण्यात आले. हे काम लहान नव्हते. पिछाडीचे लाकूड कापून पंख्यासाठी जागा करावयाची, त्याच्या दांड्यासाठी सांगाड्यातून पाणी न झिरपणारी नळी न्यावयाची, आणि यंत्रे व बॉयलर पाण्याच्या पातळीखाली नव्याने मांडावयाचे. परंतु त्याआधीच जहाजांचे भवितव्य निराळ्या टेबलावर ठरले होते. ३० एप्रिल १८६३ रोजी हिंदी आरमार मोडीत काढण्यात आले. यंत्रे बदलण्यासाठी गेलेल्या आगबोटी इंग्लंडमध्ये विकण्यात आल्या.

जॉन विलिस नावाच्या जहाजमालकाने दोन्ही विकत घेतल्या. 'असई' त्याने चांगल्या नफ्याने विकली. 'पंजाब'मध्ये मात्र नवे यंत्र न बसविता त्याने असलेलेच यंत्र काढून टाकले, चाके उतरविली, डोलकाठ्या वाढविल्या आणि 'ट्वीड' या नव्या नावाने तिला निव्वळ शिडांचे जहाज केले. इराणच्या आखातातून भारताला युरोपशी जोडणारी तार १८६४ साली समुद्रात टाकली गेली, तिचा काही भाग याच दोन जहाजांनी वाहून आणला. आगबोट म्हणून जन्मलेली 'पंजाब' त्या कामात बिनयंत्राची होती.

आणि तेव्हा तिचे खरे गुण प्रकट झाले. कप्तान विल्यम स्टुअर्टच्या हाताखाली 'ट्वीड' तिच्या काळातील वेगवान शिडाच्या जहाजांत गणली गेली. पुढे याच स्टुअर्टच्या हाताखाली दुसऱ्या जहाजावर नोकरी केलेल्या जोसेफ कॉनरॅडने आपल्या लेखनात तिचा उल्लेख केला आहे. १८६९ साली विलिसने 'कटी सार्क' बांधविली, तेव्हा तिच्या नाळेच्या घडणीवर 'ट्वीड'ची छाप पडली, असे नौकांचे इतिहासकार सांगतात. 'कटी सार्क' आज ग्रिनिच येथे जतन केलेली आहे. 'ट्वीड'चा शेवट १८८८ साली दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात झाला.

मुंबईच्या कारागिराने बांधलेला सांगाडा इतका उत्तम होता, की त्यातील यंत्र काढून टाकल्यावरच त्याची योग्यता जगाला कळली, असे म्हणता येईल. तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. यंत्राची विद्या मुंबईला अगदीच परकी नव्हती. याच घराण्यातील अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच वर्षापासून १८५७ पर्यंत मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता होते. तेथे त्यांच्या हाताखाली युरोपियन लोक काम करीत. असे असूनही मोठी यंत्रे विलायतेहूनच येत, आणि जहाज राखावे की विकावे याचा निर्णयही तिकडेच होई. लाकूड आपले, हात आपले, पण यंत्र आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही विभागणी होती. सागवान कितीही टिकाऊ असले, तरी तेवढ्याने आरमार टिकत नाही. असईच्या रणांगणावर जे गमावले होते, त्याच गोष्टीचा अभाव साठ वर्षांनी 'असई' आणि 'पंजाब' यांनाही नडला.