जीप : आसांची उंचावणी
जुन्या जीपची व तीवर आधारलेल्या पिकअप वाहनाची चौकट आसांपासून अधिक उंच करण्याची क्रिया. मुंबईत विलीस जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू झाली. पुढे महिंद्रा कंपनीने वांद्र्याच्या उत्तरेस कांदिवली येथील कारखान्यात अशी वाहने तयार केली. जीपचे दोन्ही आस अखंड असून पट्ट्यांच्या स्प्रिंगा आसांखाली असत. त्या आसांवर बसविल्यास चौकट उंचावते. मात्र डिफरन्शियलचे जमिनीपासूनचे अंतर मोठ्या टायरांनीच वाढते व त्यांचा ताण पेलण्यास बळकट आस लागतात. उंचावणीने गुरुत्वमध्य वर जाऊन वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांवर निर्बंध आहेत.