ट्यूबलाइट उतरवल्या तेव्हा



दिवाळीच्या साफसफाईत आमच्या भोरच्या घरातल्या पाचही ट्यूबलाइट उतरवल्या. वायरमनने एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. छतावर जुन्या पट्ट्यांचे फिकट ठसे तेवढे राहिले आहेत.

१९८३ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा एकच ट्यूब होती, दिवाणखान्यात. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब. पाहुणे आले की ट्यूब लावायची. आधी दोन-तीनदा लुकलुकणार, मग चोक गुणगुणत बसणार. उशिरा समजणाऱ्याला ‘ट्यूबलाइट’ म्हणतात ते त्यावरूनच. नातवंडांना आता हा विनोदच कळत नाही. त्या काळी वेल्ह्याकडच्या आमच्या आत्याबाई ‘तुमच्याकडे दिवसासारखं दिसतं’ म्हणायच्या. त्यांच्याकडे वीज असली तरी कंदिलाची काच रोज पुसून तयार असायची.

भाटघर उशाला, म्हणून भोरला विजेचे काय कमी, असे बाहेरच्यांना वाटते. पण वेळवंडी नदीवरचे ते धरण इंग्रजांनी शेतीच्या पाण्यासाठी बांधले. १९२८ साली त्याचे उद्घाटन झाले, नाव दिले लॉईड धरण. पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे गेले. १६ मेगावॅटचे वीजघर झाले १९७७ साली. म्हणजे पन्नास वर्षे आमच्या डोंगरातले पाणी उसाला गेले, दिव्याला नाही.

आता हिशेब, कारण बी.कॉम. झालेली बाई हिशेबाशिवाय राहत नाही. ट्यूब ४० वॅटची, तिच्यामागे जुना तांब्याचा चोक आणखी दहा-बारा वॅट खाणार. रोज पाच तास धरले तर वर्षाला ९५ युनिट. २० वॅटच्या एलईडीला साडेछत्तीस. एका दिव्यामागे ५८ युनिट वाचतात. शिवाय महिन्याला १०० युनिटांच्या वर गेलो की दर चढतो, तेही टळते. निळा एलईडी जपानी शास्त्रज्ञांना साधला म्हणून पांढरा प्रकाश मिळाला, त्याला २०१४ चे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत उजाला योजना आली आणि एलईडी आपल्या आवाक्यात आला.

पण माझ्या सासूबाईंचा हिशेब वेगळा होता. चातुर्मासात त्या दिवेलागणीनंतर ट्यूब लावू देत नसत. ‘जीव येतात,’ एवढेच म्हणायच्या. मुलांच्या अभ्यासासाठी लावलीच, तर सकाळी पट्टीखाली पंखांचा थर. तो केरसुणीने नाही, पुंजणीने हलकेच गोळा करायचा. मला तेव्हा वाटायचे, किती हा काच! आता वाचून कळले की ट्यूबच्या आत पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात, काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर ते दिसणारा प्रकाश होतात, थोडे निसटतात, आणि पाखरांना तेच ओढतात. एलईडीत ते जवळजवळ नसतात. जीव येतच नाहीत असे नाही, पण कमी येतात. पिवळसर प्रकाशाला त्याहून कमी. म्हणून अंगणाकडच्या खोलीत मी पिवळसरच घेतला.

मात्र त्या पाऱ्याकडे मीच ट्यूबलाइटसारखी उशिरा वळले. चाळीस वर्षांत किती गेलेल्या ट्यूब मी उकिरड्यावर टाकल्या! मुले दगड मारून फोडायची, फट्ट आवाजाला हसायची. तो पारा मातीत गेला, पावसाने ओढ्यात गेला. रात्री पंख मोजणाऱ्या आम्ही, ओढ्यातले जीव कुणी मोजले? २०१६ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आले. घरात फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू नका, ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवा.

भंगारवाला चोक आनंदाने घेऊन गेला, ट्यूब नको म्हणाला. पाचही जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. पुढच्या फेरीत पुण्याला ई-कचऱ्यात देणार आहे. ‘काचेच्या कांड्या घेऊन एसटीत कशी बसणार?’ असे हे विचारतात.