मंद आचेचं कूळ

मातीच्या चुलीला लागूनच वैल असायचं. चुलीतली धग एका भोकातून तिकडे जायची आणि वैलावरचं भांडं कुणी न बघताही तापत राहायचं. पुढे तव्यावर ज्वारीच्या भाकरी पडत, शेजारी वैलावर डाळ शिजे, दूध आटे, पाणी कोमट राही. त्याला वेगळं सरपण लागत नसे आणि बाईला दोन ठिकाणी बसावं लागत नसे. आज दुकानात स्लो कुकर म्हणून जी वस्तू मिळते, तिचं सगळं तत्त्व या वैलात होतं: थोडी उष्णता, भरपूर वेळ आणि मोकळे हात.

यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंद आच ही फुरसतीच्या माणसांची चैन आहे असा समज आहे. तिचं कूळ शोधत गेलं की उलटंच दिसतं. ज्यांचे हात दुसऱ्या कामात अडकलेले होते, त्यांनीच ती जपली आणि वाढवली.

विजेवर चालणाऱ्या स्लो कुकरचा जन्म अमेरिकेतला, पण त्याचं आजोळ लिथुआनियात आहे. व्हिल्ना, म्हणजे आजचं व्हिल्नियस, या शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही असा शब्बाथचा दंडक. मग शनिवारी दुपारी गरम जेवण कसं मिळणार? घरोघरच्या बायका शुक्रवारीच घेवडा, सातू, बटाटे आणि मांस एका मडक्यात भरून ते बेकरीत पोचवत. भट्टीतला जाळ थांबला तरी तिच्या भिंती रात्रभर तापलेल्या असत. त्या धगीवर शिजलेल्या पदार्थाला चोलंट म्हणतात.

तमारा नावाच्या बाईनं आपल्या लहानपणची ही हकीकत अमेरिकेत वाढलेल्या मुलाला सांगितली. तो मुलगा म्हणजे आयर्व्हिंग नॅक्सन, पेशानं संशोधक. बेकरीची भट्टी स्वयंपाकघरातल्या एका भांड्याएवढी करता येईल का, असा विचार त्यानं केला. १९३६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळालं. त्याची खरी युक्ती तापणाऱ्या तारेच्या जागेत होती. तार त्यानं आतल्या भांड्याच्या भोवतीनं फिरवली. त्यामुळे उष्णता चहूबाजूंनी सावकाश आत शिरते आणि तळाशी काही लागत नाही. भट्टीच्या तापलेल्या भिंतींचं काम आता ती तार करू लागली.

या भांड्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे मुख्यतः घेवडा शिजवायचं भांडं. १९७० मध्ये रायव्हल या कंपनीनं नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच उपकरण ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आणलं. १९७४ पासून आतलं चिनीमातीचं भांडं बाहेर काढून धुता येऊ लागलं. १९७१ मध्ये त्याची विक्री सुमारे २० लाख डॉलर होती, ती १९७५ पर्यंत ९ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. त्या वर्षांत अमेरिकेतल्या स्त्रिया मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भांडं भरून जायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर जेवायला बसायचं, ही सोय त्यांना हवी होती. उपकरण तीस वर्षांहून जुनं होतं, पण ते घरोघर पोचलं बायकांच्या कामाच्या वेळा बदलल्या तेव्हा.

आपल्याकडे हाच प्रश्न नॅक्सनच्या आधी एका डॉक्टरांनी सोडवायला घेतला होता. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. एका उंच नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी पाणी आणि त्याखाली थोडे कोळसे. भात, डाळ आणि भाजी एकाच वाफेवर सावकाश शिजे. कोळसे पेटवून माणूस बाहेर पडला तरी चाले. बिऱ्हाड नसलेल्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना त्याचा मोठा आधार होता.

मग १९५९ मध्ये प्रेस्टिज आणि हॉकिन्स यांचे प्रेशर कुकर भारतात आले आणि गोष्ट फिरली. कोंडलेल्या वाफेत पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, त्यामुळे तासाभराची डाळ काही शिट्ट्यांत होते. वेळ वाचवायचा हा वेगळाच मार्ग होता आणि तो आपल्या डाळींना मानवला. रॉकेलचे स्टोव्ह आले, गॅस आला, मातीची चूल गेली, तिच्याबरोबर वैलही गेलं. डाळ-भाताचं त्यानं काही अडलं नाही. फळांचं मात्र अडलं. प्रेशर कुकरमध्ये फळाचा लगदा होतो. गॅसवर गुळांबा करायचा तर तळाला लागू नये म्हणून उलथनं हातात धरून समोर उभं राहावं लागतं. गूळ किंवा साखर घालून शिजणाऱ्या फळाला सावकाश आणि सगळीकडून सारखी आच लागते, आणि नेमकी तीच घरातून गेली होती.

हे सगळं सोलापुरात बसून आठवायला कारण आहे. मोकळ्या हातांची किंमत या शहराइतकी फार थोड्या शहरांना ठाऊक असेल. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, मागून आणखी गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. पाळी चुकवून चालत नसे, म्हणजे चूलही पाळीच्या वेळेला बांधलेली. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग राहिले आणि विड्या वळणंही राहिलं. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे भांड्यापाशी घालवलेला प्रत्येक तास बाईच्या मजुरीतून जातो. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या १०,००० घरांच्या वसाहतीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. मंद आचेचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आधी अशी घरं येतात. साधारण २०० वॅटचा स्लो कुकर ४ तास चालला तरी ०.८ युनिटच्या वर वीज खात नाही, आणि तेवढे ४ तास दोन्ही हात विड्यांच्या सुपावर राहू शकतात.

फळांचीही इथे वाण नाही. सांगोल्याकडचं डाळिंब आहे, ‘सोलापूर डाळिंब’ म्हणून त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. करमाळ्याची केळी आहेत, पंढरपूरकडचे बेदाणे आहेत, बार्शी तालुक्यातलं सीताफळ आहे. यातलं प्रत्येक फळ मंद आचेचं नव्हे. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो कच्चाच खावा. डाळिंबाचे दाणे शिजवले की रंग आणि रस दोन्ही गमावतात, ते शेवटी वरून घालावेत. या आचेवर सर्वांत खुलतो तो पेरू. त्यात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे त्याचा पाक वेगळं काही न घालता दाट होतो.

घट्टसर पिकलेले १ किलो पेरू घ्यावेत, बिया काढून मोठ्या फोडी कराव्यात. त्यावर २०० ग्रॅम चिरलेला गूळ, मूठभर बेदाणे, एका लिंबाचा रस, सुंठ आणि जायफळ. पाणी अजिबात घालू नये. गुळामुळे फळाला पाणी सुटतं आणि घट्ट झाकणामुळे ते आतच राहतं. स्लो कुकरमध्ये सर्वांत कमी आचेवर साधारण ३ तास ठेवावं. केळी घालायची तर शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर ती विरघळतात. याच अर्ध्या तासात झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून धरावा आणि त्याची टोकं झाकणावर बांधावीत, म्हणजे ती तापलेल्या अंगाला लागत नाहीत. वाफेचं पाणी पंचा शोषून घेतो आणि रस पातळ होत नाही. दूध किंवा साय घालायची असेल तर ताटलीत वाढल्यावरच घालावी, फळाच्या आंबटपणानं आत ती फाटते.

वरून मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीठ तुपावर खमंग भाजून, त्यात शेंगांचा जाडसर कूट आणि किसलेला गूळ मिसळून भुरभुरावं. हे मिश्रण कुकरमध्ये घालू नये, वाफेनं त्याचा कुरकुरीतपणा जातो. गरम पेरू, कुरकुरीत ज्वारी आणि वर डाळिंबाचे गार दाणे: मुख्य जिन्नस सगळा याच जिल्ह्यातला.

कुकर नसला तरी अडत नाही. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेचा एक ‘आपोआप शिजवणारा’ डबा गाजला होता. त्यात तापलेलं भांडं जाड अस्तराच्या पेटीत बंद करून ठेवत आणि उरलेली धगच पुढचं शिजवण करी. सोलापुरात त्यासाठी पेटीही नको. जाड बुडाच्या भांड्यात हीच फळं अर्धी वाटी पाणी घालून १० मिनिटं उकळावीत, झाकण घट्ट लावावं, विस्तवावरून उतरवून जाड सोलापुरी चादरीत चौफेर गुंडाळून २ तास ठेवावं. भांडं काठोकाठ भरलेलं हवं, अर्धं भांडं लवकर निवतं.

स्लो कुकर हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं तर ते मला पटणार नाही. व्हिल्नाच्या बायकांपुढे शब्बाथचा दंडक होता, अमेरिकेतल्या बायकांपुढे नोकरीची वेळ होती आणि आपल्याकडच्या बायकांपुढे भाकरी, पाणी, पाळी आणि विड्यांचा हजार होता. प्रत्येकीनं आपल्यापाशी जी धग होती तिला कामाला लावलं. म्हणून हे भांडं विकत घ्यावं की नाही हे ठरवताना जाहिरातीतले पदार्थ मोजत बसू नये. आपल्या घरात रोज कुणाचा किती वेळ गॅसपाशी उभं राहण्यात जातो ते मोजावं आणि तो वेळ त्या माणसाला परत मिळणार असेल तर जरूर घ्यावं.