भुतांच्या गावातील भोजन

परदेशी नव्याने गेलेल्या मनुष्यास त्या देशाचा इतिहास प्रथम ग्रंथांतून भेटत नाही. बहुधा तो एखाद्या सुटीच्या दिवशी, सहलीत आणि जेवणाच्या ताटाबरोबर भेटतो. आधी जाऊन स्थिरावलेला आप्त त्यास मोटारीत घालून एखाद्या अशा उपाहारगृहाकडे नेतो की, जेथे भिंती जुन्या नसून जुन्यासारख्या केलेल्या असतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचा काळ दाराशी सोंग घेऊन उभा असतो. रसिक मंडळी अशा भडक देखाव्यांस नाक मुरडतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ते हसून सोडून द्यावेत, असे आम्हांस वाटत नाही. भूतकाळातील काय मांडावयाचे व काय झाकावयाचे, याचा निवाडा तेथे केव्हाच होऊन गेलेला असतो आणि नवागत तोच निवाडा जेवणाबरोबर गिळीत असतो.

दक्षिण कॅलिफोर्नियातील ब्यूना पार्क येथील नॉट कुटुंबाचा मळा हे याचे ठळक उदाहरण होय. वॉल्टर नॉट व त्यांची पत्नी कॉर्डेलिया ही १९२० साली तेथे खंडाने जमीन घेऊन बेरीची फळे पिकवू लागली. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दुकानाचा पुढे चहाच्या खोलीपर्यंत विस्तार झाला. मंदीच्या दिवसांत, १९३४ च्या जून महिन्यात, कॉर्डेलियाबाईंनी लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या भांड्यांतून आठ जणांस तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढले. दर माणशी ६५ सेंट. थोड्याच वर्षांत रविवारी येणाऱ्या गिऱ्हाइकांस तासन्‌तास तिष्ठत बसण्याची पाळी येऊ लागली. या खोळंबलेल्या लोकांचे मन रमावे म्हणून वॉल्टर नॉट यांनी १९४० साली 'घोस्ट टाउन', म्हणजे भुतांचे गाव, उभारावयास घेतले. आपल्या पूर्वजांनी कापडी छताच्या गाड्यांतून वाळवंट ओलांडले, त्याचे स्मारक व्हावे, हाही त्यांचा हेतू होता. खाणी बंद पडून ओस झालेल्या गावांचे अवशेष गोळा करून पश्चिमेचा एक बाजाररस्ता तेथे थाटण्यात आला. १९६८ पर्यंत त्या गावात शिरण्यास प्रवेशमूल्यही नव्हते.

आता ही गिऱ्हाइके ज्या प्रांतातून येत, तो प्रांत कसा होता ते पाहावे. दक्षिण कॅलिफोर्निया त्या वेळी उपऱ्यांनी भरून गेला होता. अवर्षण व मंदी यांनी उद्ध्वस्त केलेली ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा येथील कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार भरून तिकडे लोटत होती. त्यांस अडविण्यासाठी १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर पहारे बसविले होते. छताच्या गाडीतून आलेला निर्धन मनुष्य 'पायोनियर' म्हणजे आद्य वसाहतकार म्हणून पूज्य ठरला. मोटारीतून आलेल्या तशाच निर्धन मनुष्यास मात्र भटक्या म्हणून परत फिरविण्यात आले. दोघांत अंतर होते ते साठसत्तर वर्षांचे!

ज्यांचा वर्ण वेगळा होता त्यांची कथा याहून कठोर आहे. १९१३ च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयांस कॅलिफोर्नियात शेतजमिनीची मालकी मिळविण्याची बंदी झाली. त्याचा मुख्य रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे असा निकाल दिला, आणि तेथे कष्टाने मळे फुलविणारे पंजाबी शेतकरीही त्याच बंदीत सापडले. गदर चळवळीतील आपले पांडुरंग खानखोजे त्या किनाऱ्यावरील अशाच पंजाबी कष्टकऱ्यांत वावरले होते. हिंदी लोकांस नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ साली, आणि तेही वर्षाला अवघ्या शंभर माणसांना देशात घेण्याच्या अटीने. भुतांचे गाव उभे राहून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९४२ साली, पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांत नॉट यांच्या मळ्याच्या परिसरातील शेतकरीही होते. ओस पडलेल्या गावाचे स्मारक एकीकडे सजत होते आणि दुसरीकडे नांदती घरे ओस पाडण्यात येत होती.

म्हणून तो देखावा खोटा म्हणावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्यामागील कृतज्ञता खरी होती. गोळा केलेली लाकडेही पुष्कळ अंशी खरी होती. दोष आहे तो अपुरेपणाचा. ज्यांस स्वतःचे गाव मागे टाकून यावे लागले, त्यांस तात्पुरते का होईना, एक गाव व एक पूर्वज पाहिजे असतो. ती भूक या स्थळाने ओळखली, परंतु पूर्वजांच्या पंगतीत कोणास बसवावयाचे हे मात्र आपल्याच घरापुरते ठरविले.

१९६५ च्या कायद्यानंतर हिंदी कुटुंबे या भागात मोठ्या संख्येने आली. ब्यूना पार्कपासून थोड्याच मैलांवर, आर्टीशिया गावात, साड्यांची व मिठाईची त्यांची पेठ वसली. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव पायोनियर बुलेव्हार! हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही. नव्याने आलेल्या आईबापांस अथवा भावंडांस घेऊन येथून नॉट यांच्या मळ्यावर जाणाऱ्याने कोंबडीच्या जेवणाबरोबर एवढे तरी सांगावे, की ज्यांची नावे या फळ्यांवर नाहीत तेही याच मातीत राबले.

त्या भुतांच्या गावच्या तुरुंगात एक लाकडी कैदी बसविलेला असे. कोणी नवखा गजांतून डोकावला की तो त्यास नावाने हाक मारी आणि पाहुणा थक्क होई. युक्ती साधी होती: सोबतच्या माणसाने ते नाव आधी आडोशाला जाऊन हळूच सांगून ठेवलेले असे. इतिहासही आपले नाव आपण होऊन घेत नाही. आधी पोहोचलेल्यांनी ते सांगून ठेवावे लागते, आणि खानखोज्यांच्या व थिंदांच्या बाबतीत ते काम अद्याप पुरे झालेले नाही.