रविवारच्या चहापासून सभागृहापर्यंत

मराठीत कवींची मंडळे पैशाला पासरी निघाली. बहुतेकांचा उत्साह पहिल्या वार्षिक संमेलनापर्यंत टिकतो. नंतर उरतो तो एक रबरी शिक्का आणि चिटणीसांच्या घरचा कागदांचा गठ्ठा. पुण्याच्या रविकिरण मंडळाचे नाव मात्र शंभरी उलटली तरी निघते. निघते तेव्हा प्रेमकविता, काव्यगायन आणि अत्र्यांनी उडवलेली टर एवढ्यावरच गाडी थांबते, हे खरे. मला त्या आधीची, बैठकीतली गोष्ट जास्त मोलाची वाटते.

मंडळाची रीतसर स्थापना १९२३ च्या सप्टेंबरातली. त्या आधीपासून ही मित्रमंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, आणि त्या जमण्याला ‘सन टी क्लब’ म्हणत. चहा, रविवार आणि नवी कविता, एवढेच भांडवल. पुढे नाव बदलले तरी त्यातून ‘रवि’ काही गेला नाही.

जमणाऱ्यांत कवितेवर पोट भरणारा एकही नव्हता. माधव जूलियन हे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. यशवंत, म्हणजे य. दि. पेंढरकर, येरवड्याच्या रिफॉर्मेटरी शाळेत नोकरीला. गिरीश, म्हणजे शं. के. कानेटकर, शिक्षकच. वि. द. घाटे, द. ल. गोखले, आणि श्री. बा. रानडे व मनोरमाबाई हे दांपत्य. ग. त्र्यं. माडखोलकरांनी ‘आधुनिक कविपंचक’ लिहून समीक्षक म्हणून नाव मिळवलेले, त्यामुळे टीकाकार बाहेरून आणण्याची गरजच नव्हती. सगळ्यांत मजेची गोष्ट दिवाकरांची. कवींच्या मंडळात हा माणूस नाट्यछटा लिहिणारा, म्हणजे गद्यवाला! पण नाट्यछटेत बोलणारा एकच असतो आणि समोरच्याने काय म्हटले ते वाचकाला ताडावे लागते. असा कान असलेला माणूस बैठकीत हवाच.

केशवसुतांच्या, बालकवींच्या वाट्याला असा कट्टा फारसा आला नव्हता. त्यांची कविता मासिकांतून वाचकाकडे जाई आणि उत्तर आलेच तर उशिरा येई. रविवारच्या बैठकीत ते उत्तर तिथल्या तिथे, तोंडावर मिळे. एखादी ओळ का अडते, यमक ओढूनताणून का वाटते, हे सांगणारा माणूस समोर बसलेला, आणि तो स्वतःही लिहिणारा. पुढच्या रविवारी त्याचीही पाळी.

या सहवासाची खूण पुस्तकांच्या नावांतच सापडते. यशवंत आणि गिरीश यांचा ‘वीणाझंकार’, घाटे आणि माधव जूलियन यांचा ‘मधु-माधव’, रानडे पतिपत्नींचा ‘श्री-मनोरमा’. मंडळाच्या संग्रहांपैकी ‘किरण’ तर स्थापनेच्याच वर्षी आला. दोघांनी मिळून एका पुठ्ठ्यात कविता बांधायची ही हौस मराठीत आधी किंवा नंतर इतक्या जोमाने दिसत नाही.

सगळ्यांचे सूर जुळवून एकच राग आळवला गेला, असे मात्र नाही. यशवंतांनी ‘बंदीशाळा’ लिहिली ती आपल्या नोकरीतल्या पोरांकडे पाहून. चुकलेल्या मुलांच्या कोठडीवर खंडकाव्य लिहावेसे वाटणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गिरीशांनी ‘आंबराई’त खेड्याकडे मोर्चा वळवला. माधव जूलियनांनी ‘विरहतरंग’ लिहिले, फारसीतून रुबाया आणि गझल आणली आणि वृत्तांचा हिशेब मांडणारी ‘छंदोरचना’ सिद्ध केली. तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती १९३७ सालची. तिच्यावर मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. लघुगुरू मोजणारा हा ग्रंथ कोरडा वाटतो खरा, पण कविता मोठ्याने म्हणून पाहणाऱ्या माणसाचा तो ग्रंथ आहे.

मोठ्याने म्हणण्यातूनच काव्यगायन आले. यशवंत आणि गिरीश गात असत, लोक ऐकायला गर्दी करत, आणि मासिकातली कविता ज्यांनी कधी उघडलीही नसती अशांच्या तोंडी ती जाऊन बसली. हे श्रेय मंडळाचेच. पण इथेच मला मंडळाची वाट थोडी चुकल्यासारखी वाटते. खोलीतला श्रोता बोलायचा, सभागृहातला टाळ्या वाजवतो. चाल गोड लागली की अडलेली ओळही खपून जाते. गळा नसलेल्या कवीने मग करावे काय?

राहिलेले उत्तर बाहेरून आले. १९२५ साली केशवकुमार, म्हणजे प्र. के. अत्रे, यांनी ‘झेंडूची फुले’ काढली आणि मंडळाच्या लकबींची यथेच्छ खिल्ली उडवली. ती टवाळीच होती. पण विडंबन करणाऱ्याला मूळ कविता भक्तापेक्षाही बारकाईने वाचावी लागते. मंडळाला मिळालेला सगळ्यांत नीट लक्ष देणारा वाचक अत्रेच होते, असे मी तरी म्हणेन.

पुढचे थोडक्यात. मनोरमाबाई १९२६ मध्ये गेल्या, दिवाकर १९३१ मध्ये. नोकऱ्यांनी माणसे पांगली. माधव जूलियन कोल्हापूरला, माडखोलकर नागपूरला. १९३९ मध्ये माधव जूलियनही गेले. मंडळींना मानमरातब भरपूर मिळाले: साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना जळगावी १९३६ मध्ये, माडखोलकरांना बेळगावी १९४६ मध्ये, यशवंतांना मुंबईत १९५० मध्ये आणि घाट्यांना अहमदाबादेत १९५३ मध्ये. चहाच्या एका कट्ट्यातून चार संमेलनाध्यक्ष, हा हिशेब कुठल्याही मंडळाला हेवा वाटावा असा आहे. नंतरच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव फिरले. त्यांनी गाण्याऐवजी वाचनावर भर दिला, पण व्यासपीठाची सवय लावली होती ती रविकिरणवाल्यांनीच.

आज आपल्या गावात कवितेचा कट्टा चालवणाऱ्यांना एक विनंती. दहा कवींना प्रत्येकी दोन कविता आणि शेवटी आभार, हा ठरलेला कार्यक्रम महिनाभर बाजूला ठेवा. एकानेच एक कविता दोनदा वाचावी, आणि उरलेल्यांनी ‘वा’ न म्हणता ती आपल्याला कुठे लागली आणि कुठे लागली नाही, ते सांगावे. चहाचा खर्च तेवढाच येईल.