एकट्याच्या प्रवासाला किती माहिती पुरते?

एकट्यानं प्रवासाला निघायचं तर दुप्पट तयारी हवी, असं हल्ली सगळेच सांगतात. चुकलं-माकलं तर सावरायला बरोबर कोणी नाही, म्हणून शंभर अभिप्राय वाचा, दहा व्हिडिओ पाहा, तासातासाचा तक्ता करा. हा पूर्वपक्ष मी हलक्यात घेत नाही. सांगणारे बहुधा आईवडील असतात, थोरली बहीण असते, आणि ती काळजी खरी असते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्यापायी निघू शकणारी माणसं घरी बसतात.

माझ्या भाचीनं दिवाळीत ठरवलं, चार दिवस एकटीनं हंपीला जायचं. तिची वही मी पाहिली आहे. राहण्याच्या 17 जागा, पुढे रकाने: भाडं, देवळापासून अंतर, गरम पाणी, मालकाचा स्वभाव. सूर्योदय मातंग टेकडीवरून की हेमकूटावरून, यावर पाऊण पान. पानाच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलेलं, ‘अजून बघायचं’. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मार्चमध्ये ऊन तापलं आणि बेत बारगळला. तिकीट शेवटपर्यंत काढलंच नव्हतं.

त्या 17 जागांपैकी चार नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीतल्या होत्या. तिथली बेकायदा ठरलेली अतिथिगृहं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये पाडली गेली. त्यांची वाखाणणी मात्र जुन्या पानांवर तशीच आहे. भाचीनं त्यांचंही भाडं टिपून ठेवलं होतं. माहिती शिळी होते, आणि जितकी जास्त गोळा करावी तितकी शिळी माहिती जास्त हाती लागते.

यावर दुसरं एक तयार उत्तर मिळतं: पर्याय फार झाले की माणूस गोंधळतो, म्हणून कमी पाहा. आधाराला अय्यंगार आणि लेपर यांचा 2000 सालचा जॅमचा प्रयोग दिला जातो. 24 प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्के लोकांनी जॅम घेतला, सहाच मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पण हे उत्तरही अपुरं आहे. अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब 2010 मध्ये झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पुढे 2015 च्या अभ्यासात दिसलं, की पर्यायांची तुलना अवघड असते किंवा निवडणाऱ्यालाच आपल्याला काय हवं ते ठाऊक नसतं, अशा वेळी गोंधळ वाढतो. भाचीचं नेमकं हेच झालं होतं. शिल्पं पाहायची आहेत, की नदीकाठी नुसतं बसायचं आहे, हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं. ते न ठरवता 17 च्या जागी पाच खोल्या पाहिल्या असत्या, तरी ती अडकलीच असती.

हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्येच मांडलं होतं, की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. पुरेसं चांगलं काय ते ठरवतो आणि त्या कसोटीला उतरणारं पहिलं घेतो. एकट्या माणसाला हे सर्वांत सोपं जातं. कुटुंबाबरोबर जाताना आत्याचे गुडघे, पोराचं दूध, मेहुण्याची आवड, सगळं सांभाळावं लागतं. खोली नाही आवडली तर सहा जणांचं सामान हलवावं लागतं. एकट्यानं पाठीवर पिशवी टाकली की दुसरी खोली मिळाली. बेत बदलणं ज्याला इतकं सोपं, त्याला आधी जास्त नव्हे, कमी ठरवावं लागतं.

राहिली सुरक्षितता. 2025 च्या मार्चमध्ये हंपीजवळच्या सणापूरला रात्री कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला, बलात्कार झाले, एकाचा जीव गेला. दोष सर्वस्वी गुन्हेगारांचा. पण ते लोक एकटे नव्हते, पाच जण होते, हेही विसरू नये. बाईमाणसानं एकटं जाताना काळजी घ्यावी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती काळजी मोजक्या गोष्टींत मावते: गाडी उजेडी पोचते का, पहिल्या रात्रीची खोली पक्की आहे का, घरी कोणाला ठावठिकाणा माहीत आहे का, अंधार पडल्यावर निर्जन जागा टाळता येते का. 112 हा क्रमांक लक्षात हवा. चाळिसावा अभिप्राय वाचून यात काडीची भर पडत नाही.

म्हणून माझी कसोटी एकच: ही चूक तिथं गेल्यावर निस्तरता येईल का? येणार नसेल तर आधी शोधा. ऋतू, येण्याजाण्याचं तिकीट, पहिला मुक्काम, रोजची औषधं. निस्तरता येणार असेल तर सोडून द्या. विठ्ठल मंदिर आज पाहावं की उद्या, हे तिथं ठरतं. तुंगभद्रेच्या धरणातून पाणी सोडलं की नदीतले हरगोल, म्हणजे टोपलीसारख्या गोल नावा, बंद होतात. ते घाटावरचा माणूसच सांगू शकतो.

नर्मदेची परिक्रमा करणारे आजही असेच चालतात. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, एवढं पक्कं. बाकी पुढचा मुक्काम कुठं, वाट कुठली, हे त्या त्या गावात विचारायचं. सरदार सरोवरात जुनी काठाची वाट बुडाली, पोथ्या-पुस्तकांतलं वर्णन चुकीचं ठरलं, तरी परिक्रमा थांबली नाही. आज रस्ता कुठून जातो, ते गावाला माहीत होतं.

सुंदर काही निसटेल, ही भीती उरते. निसटेलच. हंपीत 1,600 हून जास्त अवशेष आहेत. चार दिवसांत ते सगळे पाहणं कोणत्याही तक्त्याला साधणार नाही.

भाचीला मी क्रम उलटा करायला सांगितलं आहे: आधी तिकीट, मग वही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेस होसपेटला जाते, पण ती रात्री पोचते. म्हणून पहिली रात्र होसपेटलाच, स्टेशनजवळ. तिथून हंपी 13 किलोमीटर आहे, आणि सकाळी बस मिळते.