रिव्हेट, मीठ आणि शेजारचा पिकअप

‘संशोधनाला विषय कुठून मिळतो?’ पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण मला हे विचारतात. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण मला एका जुन्या पिकअपखाली पाठीवर झोपलेलो असताना मिळालं. थाप वाटेल, पण खरं आहे. म्हणून आज सिद्धान्त वगैरे बाजूला ठेवू आणि तळहातापेक्षा थोड्या मोठ्या एका लोखंडी तुकड्याबद्दल बोलू.

आधी तो तुकडा काय आहे ते बघा. आपल्याकडे हायवेच्या कडेला पाट्यांचं काम करणारी दुकानं तुम्ही पाहिली असतील. ट्रकच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक कमानदार थप्पी असते, तो पाटा. मध्यभागी तो यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेला असतो. त्याचं पुढचं टोक चासीवरच्या एका ब्रॅकेटमध्ये घट्ट धरलेलं असतं. मागचं टोक मात्र थेट धरता येत नाही, कारण वजन पडलं की कमान सपाट होते आणि पाटा लांबतो. त्या लांबण्याला जागा मिळावी म्हणून मध्ये झुलणारा शॅकल असतो आणि तो शॅकल दुसऱ्या ब्रॅकेटला लटकतो. ही जी ब्रॅकेटं, त्यांना हँगर म्हणतात. दोन्ही बाजूंचे मिळून चार. गाडीच्या मागच्या भागाचं सगळं वजन या चार तुकड्यांतून चाकांकडे जातं. त्यातला एक फाटला तर पाट्याचं टोक वर घुसतं, गाडी एका बाजूला बसते, ॲक्सल तिरका होतो. वेगात असताना हे झालं तर काय, ते सांगायला नको.

मी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात शिकतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे अक्षरशः टनावारी. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्या वीसेक वर्षं जुन्या पिकअपचे मागचे दोन्ही हँगर गंजून गेले होते. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार जात होता. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून ते म्हणाले, एवढ्यात ही अर्धी गाडी येईल. मग त्यांनी सुटे भाग मागवले आणि मला विचारलं, शनिवारी मोकळा आहेस का? मी हो म्हटलं. शनिवार तर गेलाच, रविवारही गेला.

काम कसं झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावले. मागून गाडी उचलून चासीखाली दोन्ही बाजूंना स्टँड दिले आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक लावला, म्हणजे पाट्यावरचा ताण हळूहळू काढता येतो. ताण असताना बोल्ट सोडवायला जाणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. मग शॅकलचा बोल्ट. तो बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. तेल सोडलं, रात्रभर ठेवलेलं होतं, घण मारले, शेवटी करवतीने कापला. आणि मग आले रिव्हेट. हँगर चासीला बोल्टने नाही, रिव्हेटने जोडलेला असतो. रिव्हेटला फिरवायला काही नसतंच. त्याचं डोकं ग्राइंडरने घासून उडवायचं, मग पंच लावून घणाने ठोकून बाहेर काढायचा. नाही निघाला तर ड्रिल मारायचं. वरच्या बाजूला हात पोचत नव्हता, म्हणून मागच्या हौद्याचे बोल्ट सैल करून तो थोडा उचलावा लागला. शेजारून ब्रेकची नळी गेलेली आणि पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर. ठिणग्या उडत असताना मी ओलं गोणपाट धरून बसलो होतो. माझं योगदान बहुतांशी एवढंच.

एका रिव्हेटला आम्हाला कधी वीस मिनिटं लागली, कधी तास. आणि हाच रिव्हेट बसवायला कारखान्यात किती वेळ लागतो? मिलवॉकी शहरात ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ मध्ये चासी बनवण्याचा एक स्वयंचलित कारखाना सुरू केला होता. दिवसाला सुमारे १०,००० चासी बनवण्याची त्याची क्षमता होती. पट्ट्या एका टोकाने आत जायच्या, वाकायच्या, भोकं पडायची, रिव्हेट ठोकले जायचे आणि दुसऱ्या टोकाने चासी बाहेर. माणसं शे-दोनशे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा कारखाना नेहमी ‘उत्पादनाचा चमत्कार’ म्हणून येतो आणि तो होताच. पण त्या गोष्टीचं दुसरं टोक शंभर वर्षांनी आमच्या शेजारच्या अंगणात होतं. बसवायला काही सेकंद, काढायला शनिवार-रविवार.

इथे एक सावधगिरी. नवीन संशोधक हे पाहिलं की लगेच लिहितात: ‘मालकाने दुरुस्ती करू नये म्हणून कंपन्यांनी मुद्दाम रिव्हेट वापरले.’ असं लिहू नका. पुरावा काय? रिव्हेट भोकात फुगून घट्ट बसतो, हादऱ्यांनी सैल होत नाही, स्वस्त पडतो आणि यंत्राला सोपा जातो. चासीसाठी त्याची निवड करायला एवढी कारणं पुरेशी आहेत, कटाची गरज नाही. मात्र हेतू नव्हता म्हणून परिणाम नव्हता असंही नाही. रिव्हेट लावताना कुणीतरी गृहीत धरलं होतं की हा तुकडा गाडीच्या आयुष्यात कधी निघणार नाही. हे गृहीतक कागदावर शोधत बसलात तर क्वचित सापडेल. रिव्हेटच्या डोक्यावर मात्र ते स्पष्ट वाचता येतं.

मग ते गृहीतक चुकवलं कुणी? मिठाने.

रस्त्यावर मीठ टाकण्याचा इतिहास तसा जुना नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये हा प्रयोग सुरू केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात मीठ वापरणं हे आपलं सर्वसाधारण धोरण म्हणून स्वीकारलं. तसं करणारं ते पहिलं राज्य. त्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. युद्धानंतर उपनगरं वाढली, माणसं रोज गाडीने कामाला जाऊ लागली, १९५६ चा महामार्ग कायदा आला आणि बर्फ पडला तरी रस्ता काळाकोरा दिसलाच पाहिजे, ही लोकांची अपेक्षा होऊन बसली. १९५५ च्या सुमाराला वर्षाचं प्रमाण साधारण १० लाख टन होतं. पुढच्या पंधरा वर्षांच्या आतच ते एक कोटी टनांच्या जवळ पोचलं. गंमत म्हणजे गाड्यांची राजधानी डेट्रॉईट शहर मिठावरच वसलेलं आहे. शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, आणि आज तिच्यातलं मीठ बर्फ वितळवायला जातं. खाली मीठ, वर गाड्या. कादंबरीकाराने रचलं असतं तर अती झालं म्हणालो असतो.

हँगरचं दुर्दैव असं की दोन पत्रे जिथे एकावर एक दाबलेले असतात, तिथे खारा चिखल अडकून राहतो आणि वाळत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून पत्रे फाकवतो, फटीत आणखी चिखल शिरतो. १९८० च्या दशकापासून गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा देणं वाढलं, त्यामुळे दारं-बोनेट टिकू लागले. चासी बहुधा रंगावर किंवा मेणासारख्या थरावरच राहिली. म्हणून वरून चकाचक आणि खालून चाळण, अशा गाड्या इथे पैशाला पासरी.

आता तुमच्यासाठी खरा धडा इथे आहे, म्हणून थोडं थांबा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी मरे आणि अर्न्स्ट यांनी एक आर्थिक अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा: मीठ विकत घेऊन पसरायला वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर लागतात आणि त्या मिठाने एकट्या गाड्यांचं होणारं नुकसान सुमारे २०० कोटी डॉलर. पूल, पाणी, झाडं वेगळी. त्याच वर्षी मीठ उत्पादकांच्या ‘सॉल्ट इन्स्टिट्यूट’ या संघटनेसाठी दुसरा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष उलटा: वाचलेला वेळ, टळलेले अपघात, बुडणारी मजुरी हे सगळं धरलं तर मिठाचा फायदा खर्चाच्या कितीतरी पट आहे.

कोणता खरा? हा प्रश्न मीही वर्षभर विचारत बसलो. आणि उत्पादकांनी पैसे दिले म्हणून दुसरा अहवाल फेकून द्यायचा, हा आळस आहे. बर्फात अडकलेली रुग्णवाहिका ही काही संघटनेने रचलेली गोष्ट नाही. मला उपयोगी पडला तो वेगळा प्रश्न: फायदा कुणाच्या खात्यावर जमा झाला आणि खर्च कुणाच्या? मीठ टाकण्याचा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर चर्चा होते, मतदान होतं. रस्ता मोकळा झाल्याचा फायदा सगळ्यांना मिळतो. गंजाचा खर्च मात्र एकेका गाडीखाली, एकेका अंगणात, सुट्या सुट्या भागांत वाटला जातो. नव्या गाडीवाल्याला तो फारसा जाणवत नाही, कारण चार-पाच वर्षांत तो गाडी विकतो. जाणवतो तो तिसऱ्या-चौथ्या मालकाला, ज्याच्याकडे नवी घ्यायला पैसे नसतात. आणि त्याने स्वतःच दुरुस्ती केली तर त्या दोन दिवसांच्या मजुरीची पावती कुठेच फाटत नाही.

अपवाद आहेत. टोयोटाच्या टाकोमा पिकअपच्या अख्ख्या चासीच सडू लागल्या, तेव्हा कंपनीने २००८ मध्ये १९९५ ते २००० सालच्या गाड्यांसाठी हमीची मुदत वाढवली आणि काही गाड्या परत विकत घेतल्या. पुढच्या मॉडेलांबद्दल खटला झाला, त्यात २०१६ मध्ये समझोता झाला आणि त्याची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकते असा अंदाज दिला गेला. पूर्ण चासी सडली की खटला होतो, वकील येतात, कागद तयार होतात आणि इतिहासकाराचं फावतं. एक हँगर सडला तर कागद तयार होत नाही.

मग अशा गोष्टीचा इतिहास लिहायचा कशावरून? मी सुट्या भागांची कॅटलॉगं वाचतो. डॉर्मनसारख्या कंपन्या हँगरचा तयार संच विकतात: नवा हँगर, शॅकल आणि रिव्हेटच्या जागी लावायला बोल्ट-नट. बोल्ट पेटीतच आहेत, याचा अर्थ बघा. मूळ कारखान्याने ‘हे निघणार नाही’ असं धरलं होतं. या पेटीने धरलंय की ते निघणार आणि काढणाऱ्याकडे रिव्हेट ठोकायचं यंत्र नसणार. एखादा भाग अशा कॅटलॉगमध्ये यायला लागला, म्हणजे तो इतक्या ठिकाणी मोडतोय की त्यावर धंदा उभा राहतो. मात्र कॅटलॉग फक्त खपणारा माल दाखवतं, हे विसरू नका. ज्यांनी गाडी सरळ भंगारात घातली, ते त्यात नाहीत.

दुसरा प्रश्न, हे घरी करायची हिंमत येते कुठून? त्यासाठी क्लाइन आणि पिंच यांचा ‘टेक्नॉलॉजी अँड कल्चर’ या नियतकालिकातला १९९६ चा लेख जरूर वाचा. अमेरिकन शेतकऱ्यांनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं मागचं चाक उचलून त्यावर मक्याचं यंत्र, करवत, कपडे धुण्याचं यंत्र चालवलं, त्याची हकीकत तिथे आहे. लोक गाड्यांना मागे हौदे बसवतच होते. फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा असलेली मॉडेल टी विकायला काढली. म्हणजे पिकअपचा जन्मच मालकांच्या खटपटीच्या सावलीत झालाय. आमच्या शेजाऱ्यांचे वडील शेतकरी होते. ते मॅन्युअल न उघडताच काम करत होते, पण एका जागी थांबले: बुशचे बोल्ट अंतिम आवळताना. गाडी चाकांवर उतरवल्याशिवाय आवळायचे नाहीत, नाहीतर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. हे त्यांना वडिलांनी शिकवलं नव्हतं, एक बुश वाया घालवून कळलं होतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी जुने हँगर भंगाराच्या डब्यात टाकले, तेव्हा एक मी मागून घेतला. आता तो माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे आणि रोज थोडा गंज गाळतो. मागच्या बैठकीत गाइडना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, हात पुसले आणि विचारलं, ‘प्राथमिक साधनांच्या यादीत हा कसा नोंदवणार?’ अजून ठरलेलं नाही.